टाचणीमावशीचं कोरडं तोंड

टाचणीमावशीच्या ओठांत टाचण्या नाहीत, असं त्या गल्लीनं कधी पाहिलंच नव्हतं. दुकान उघडलं की ती आधी खिडकीची काच पुसायची, मग कपडे अडकवायच्या पुतळ्याच्या खांद्यावरची धूळ झटकायची, आणि मग चिमूटभर टाचण्या उचलून ओठांच्या डाव्या कोपऱ्यात धरायची. एकदा धरल्या की दिवस मावळेपर्यंत त्या तिथंच. कुणाची बाही आत घ्यायची असो, कुणाचा घेर सोडायचा असो, ओठांतली टाचणी बोटांत आणि बोटांतली कापडात, अशी झरझर वाहत राहायची. गिऱ्हाइकं घरची गाऱ्हाणी सांगायची आणि मावशी मान हलवायची. तोंडात टाचण्या असलेला माणूस दुसरं करणार तरी काय? त्यामुळे तिची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. शिवण सरळ, आणि बाई शांत.

यातली दुसरी गोष्ट किती खोटी आहे ते एका तापानं उघडं पाडलं.

ताप तसा साधाच. त्या मोसमात घराघरांत शिरून सगळ्यांना शिंकायला लावणारा, तोच मावशीकडेही आला. नाक चोंदलं, छाती खरखरली, रात्रभर तोंड उघडं टाकून श्वास घ्यावा लागला. पुढं खोकला गेला, अंगातली कसर गेली, छाती मोकळी झाली. पण हा पाहुणा जाता जाता आपलं सगळं सामान तिच्या तोंडात विसरून गेला. ओठांच्या कडेला ताप फुटून फोडांची माळ लागली. गालाच्या आत आणि जिभेच्या टोकाला पांढरे व्रण आले. तोंड आलं ते असं आलं, की गार पाणीसुद्धा झोंबावं. जिभेवर चुना लावल्यासारखा थर बसला. चव गेली. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, तोंड पार कोरडं पडलं. लाळ म्हणून उरली नाही. जीभ टाळूला लावली की खळ घातलेल्या कापडासारखी चिकटून बसायची.

अशा ओठांत टाचण्या कशा धरायच्या? पहिल्याच दिवशी एक धरून पाहिली आणि डोळ्यांतून पाणी आलं. मग टाचण्या डबीत गेल्या, आणि मावशीचं तोंड मोकळं सुटलं.

"ती कात्री कुणी इथं ठेवली? खडू संपला तर सांगता येत नाही? अहो, ती वाफ इकडे नका सोडू! आणि तू गं, तो धागा दातानं तोडलास ना? मला आवाज आला!"

मागच्या खोलीत मावशीचे यजमान इस्त्री करायचे. गल्ली त्यांना इस्त्रीकाका म्हणायची. ते सुनेला हळूच म्हणाले, "ताप हिला आला, आणि घाम आपल्याला फुटतोय."

सून तोंडावर हात ठेवून हसली. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षातला बराच काळ पाण्यावर. त्यामुळे दुकानात ही तीनच माणसं. सून हाताची चलाख होती, काजं करावीत तर तिनंच. पण तिला एक खोड होती. ती च्युइंगम चघळायची. लग्न होऊन आली त्याच महिन्यात तिच्या तोंडातला गोळा कुठंसा ठेवला गेला आणि तिथून एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या मखमली कोटाच्या पाठीवर जाऊन बसला. मुख्याध्यापक तो कोट घालून सत्काराला गेले, खुर्चीला टेकले, आणि भाषणाला उठले तेव्हा खुर्चीही त्यांच्यासोबत उठली. त्या दिवसापासून मावशीनं फर्मान काढलं, या दुकानात च्युइंगम नाही. नुसतं फर्मान नाही, पहाराही. सुनेचा जबडा जरा हलला की मावशीचा तळवा तिच्या नाकासमोर. "काढ." बिचारी मागच्या परसात जाऊन चघळायची, आणि चोरून विडी ओढणाऱ्या माणसासारखी तोंड पुसून परत यायची.

आता या कोरड्या तोंडाची पंचाईत अशी, की मावशीच्या धाकट्या बहिणीचं लग्न तोंडावर आलं होतं.

धाकटी पन्नाशी ओलांडलेली. शहराची बस चालवायची. "मी रोज शंभर माणसं जागच्या जागी पोचवते, मला कशाला हवा स्वतःचा थांबा?" असं म्हणत तिनं आयुष्य काढलं. आणि मग पुढच्या सीटवर रोज बसणारा एक चष्मेवाला, चष्मे बनवणारा आणि चष्मा लावणारा असा दोन्ही अर्थांनी, एके दिवशी आपल्या थांब्यावर उतरलाच नाही. शेवटपर्यंत बसून राहिला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी धाकटीनं आरशात बघून विचारलं, "अहो, तुम्हाला जायचंय तरी कुठं?" तो म्हणाला, "ते तुम्ही ठरवायचं."

तर या धाकटीला मावशीनं शब्द दिला होता. दोघी लहान होत्या, खाटेखाली बसून चिंधीच्या बाहुलीला कपडे करायच्या. मोठी शिवायची आणि गुणगुणायची:

*सुई माझी पुढं गेली, धागा तिच्या मागं आला,*
*धाकट्या गं बहिणीला झगा चांदण्याचा केला.*

"खरंच करशील?" धाकटीनं विचारलं होतं. "तुझ्या लग्नाला करीन. सगळा माझ्या हातचा. दुसऱ्या कुणाचा एक टाका नाही." एवढीशी होती तेव्हा, पण शब्द तो शब्द. पुढं धाकटीनं लग्नाचं नाव काढलं नाही आणि मावशीनं शब्दाचं. आता दोन्ही एकदम निघालं होतं.

कापड आलं होतं मोतिया रेशमाचं. हातात घेतलं तर पाण्यासारखं ओघळायचं, पण पाण्याशीच त्याचं वैर. थेंब पडून वाळला की कडेनं पिवळसर कडं उमटायचं, ते जन्मभर जात नसे. तापात पडण्याआधी मावशीनं पोशाख कापून, शिवून उभा केला होता. मग उरलेलं अडून राहिलं. सून म्हणाली होती, "आई, मी घालते ना टाके. तुम्ही पडल्या पडल्या बघा." मावशीनं उशीवरूनच मान हलवली होती. तिनं शब्द दिला होता, आणि शब्दात सून नव्हती.

बरं वाटल्यावर मावशी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाई वयानं सुनेएवढ्या. त्यांनी तोंडात दिव्याचा झोत पाडून पाहिलं आणि म्हणाल्या, "घाबरू नका, यातून आता कुणाला लागण व्हायची नाही. हा विषाणू नाकातोंडातूनच आत शिरतो ना, त्यामुळे तोंडालाही हात लावून जातो. लाळेच्या ग्रंथी सुस्तावल्यात, फोड बरे होतायत, चव हळूहळू येईल. घोट घोट पाणी पीत राहा. दात जपा, लाळ नसली की ते लवकर किडतात. आणि हो, बिनसाखरेचं च्युइंगम चघळा. जबडा हलला की लाळ सुटते."

"काय चघळू?"

"च्युइंगम. कुठंही मिळतं."

मावशीनं मान हलवली. बाहेर बाकावर इस्त्रीकाका बसले होते. "काय म्हणाल्या?"

"पाणी प्यायला सांगितलंय," मावशी म्हणाली, आणि पुढं चालू लागली.

ते च्युइंगमचं वाक्य तिनं घरी कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? ज्या तळव्यावर इतकी वर्षं सुनेच्या तोंडातला गोळा काढून घेतला, तोच तळवा सुनेपुढं पसरायचा? त्यापेक्षा कोरडं तोंड बरं.

लग्नाचा दिवस उजाडला. नोंदणी कचेरीत संध्याकाळी सह्या व्हायच्या होत्या. धाकटी दुपारच्या फेरीनंतर बस आगारात लावून थेट दुकानात येणार आणि पोशाख घालून इथूनच जाणार, असं ठरलेलं. उरलं होतं फक्त खालच्या घेराचं दुमडणं. हातानं, बारीक टाक्यांनी, सगळ्या घेराभर.

मावशीनं पोशाख मोठ्या टेबलावर पसरला. टाचण्या ओठांत धरता येईनात, म्हणून मुठीत धरल्या. तिथंच चुकलं. ओठांना जे कळायचं ते मुठीला कुठलं कळायला? कापड सावरायला हात वळला, एक टाचणी तर्जनीत गेली, आणि तिला कळायच्या आत रक्ताचा थेंब रेशमावर टेकला. अगदी समोर, गुडघ्याच्या वर. मोतिया कापडावर लाल मुंगीएवढा.

मावशी दचकली नाही. शिवणाऱ्या हातांना यावरचा इलाज पाठ असतो. पांढऱ्या सुती दोऱ्याचा तुकडा तोंडात चघळायचा, लाळेनं भिजवायचा आणि त्या बोळ्यानं डाग हलके हलके टिपायचा. स्वतःचं रक्त स्वतःच्या लाळेनं निघतं, असं तिच्या उस्तादांनी तिला शिकवलं होतं, आणि तिच्या हाताखाली ते कधी फसलं नव्हतं. पाण्यासारखं कडंही उमटत नाही. तिनं दोरा तोडला, गोळा केला, तोंडात घातला.

दोरा व्रणांवर घासला आणि तिच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. तशीच थांबली. मग बोळा बाहेर काढला. घातला होता तसाच कोरडा. उलट तोंडातच सुताचे तंतू चिकटून राहिले.

"अहो!" ती ओरडली. "या इकडे!"

काका धावत आले, मागून सून. डाग पाहून तिघंही टेबलाभोवती उभी राहिली.

"लाळ सुटत नाही," मावशी म्हणाली. "काहीतरी करा."

"लिंबू," काका म्हणाले. "लिंबाचं नुसतं नाव काढलं तरी सुटते."

"काढा मग नाव."

काकांनी घसा खाकरला. "पिवळंधम्मक लिंबू. मधोमध चिरलंय. रस बोटांवरून ओघळतोय. तू जिभेचं टोक नुसतं लावतेस..." बोलता बोलता त्यांचंच तोंड पाण्यानं भरलं आणि त्यांना थांबून गिळावं लागलं. सुनेनंही आवंढा गिळला. मावशी मात्र तशीच.

"काही नाही?"

"माझ्यापुढं खडूचं वर्णन केल्यासारखं वाटतंय."

सून स्वयंपाकघरातून खरंच अर्धं लिंबू घेऊन आली. मावशीनं जीभ लावली आणि पुढच्या क्षणी टेबलाभोवती एका पायावर नाचू लागली. आंबट लागलं नाही, पण झोंबलं मात्र बरोब्बर.

"बर्फ?" काका म्हणाले.

"अहो, तोंडातून बर्फाचं पाणी गळेल ते पाणीच की! कडं पडेल!"

रक्त वाळत चाललं होतं. लाल मुंगी तपकिरी व्हायला लागली. एकदा का वाळून बसलं की धाग्यात मुरणार, हे टाचणीमावशीला ठाऊक होतं. एवढ्या वर्षांचा शब्द, आणि समोर तिच्याच रक्ताचा ठिपका.

सून हळूच म्हणाली, "आई, मी दोरा चघळू? माझ्या तोंडाला काही झालेलं नाही."

"परक्या लाळेनं नाही निघत!" मावशी तोडून बोलली.

मागं इस्त्रीची वाफ फुस्स करून सुटली. सुनेनं लिंबाची फोड उचलली, टेबलावर पडलेला रसाचा थेंब पदरानं पुसला, आणि मान खाली घालून परसाकडे गेली.

इस्त्रीकाका बायकोकडे बघत राहिले. "टाचण्या होत्या ते बरं होतं," ते म्हणाले, आणि मागच्या खोलीत निघून गेले.

मावशी एकटी राहिली. पुतळा तिच्याकडे पाठ करून उभा. परसाच्या दारातून दिसत होतं, सून पायरीवर बसली होती, आणि तिचा जबडा हळूहळू हलत होता. एरवी मावशीचा तळवा आपोआप पुढं झाला असता.

तिला वाटलं, शब्द मी दिला, रक्त माझं, लाळ माझी, आणि अडलंय कुठं? तर या बोटभर तोऱ्यात. डॉक्टरीणबाईंनी औषध सांगितलंय. ते इथून चार पावलांवर पायरीवर बसलंय. आणि धाकटी? धाकटी त्या बसमधून येईल, टायर पंक्चर झालं तरी हसणारी ती, डाग बघून म्हणेल, असू दे ताई, कुणाला दिसतंय. आणि ते "असू दे" मला जन्मभर पुरेल.

मावशी परसात गेली. सुनेच्या शेजारी पायरीवर बसली. तळवा पुढं केला.

सवयीनं सुनेचा हात तोंडाकडे गेला. "काढते."

"काढू नको," मावशी म्हणाली. "मला दे. म्हणजे... तुझ्या तोंडातलं नव्हे गं! दुसरं असेल तर."

सून बघतच राहिली.

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय," मावशी भिंतीकडे बघत म्हणाली. "चघळलं की लाळ सुटते म्हणे. चव नसली तरी."

"कधी सांगितलं?"

"झाले काही दिवस."

"आणि तुम्ही...?"

"हो. आणि मी. आता देतेस का हसतेस?"

सुनेनं दोन्ही केलं. हसत हसत चांदीचा कागद उलगडला आणि पट्टी सासूच्या हातावर ठेवली. "हे बिनसाखरेचंच आहे. पुदिन्याचं."

मावशीनं तोंडात टाकलं. "रबर लागतंय."

"चावा तर खरं. त्या बाजूनं चावा, जिकडे फोड नाहीत. आणि तोंड मिटून, आई! म्हशीसारखं काय?"

मावशी चावू लागली. पहिल्यांदा जबडा कुरकुरला, वापरात नसलेल्या शिवणयंत्रासारखा. पायडल मारलं पण चाक फिरेना, तसं. मग जरा फिरलं. मग गालाच्या मागच्या बाजूला, कानाच्या खाली कुठंतरी, एक बारीक कळ आली आणि तिथून थेंबभर ओल सुटली. ती थांबली. पुन्हा चावलं. पुन्हा ओल. जिभेखाली ओल साचली तशी जीभ टाळूपासून सुटली, खळ धुऊन निघावी तशी.

"अगं," मावशी म्हणाली, "आली!"

दोघी आत धावल्या. गोळा मावशीनं चांदीच्या कागदात गुंडाळून, सुनेच्या डोळ्यांसमोर धरून, नीट डबीत ठेवला. मुख्याध्यापक दोघींनाही आठवले. मग ताजा दोरा तोंडात. या वेळी भिजला. मावशी डागावर वाकली आणि टिपू लागली. घासायचं नाही, नुसतं टेकवायचं, उचलायचं. बोळा गुलाबी झाला, दुसरा फिका गुलाबी, तिसरा पांढराच. लाल मुंगी चालत चालत कुठं गेली ते रेशमालाही सांगता आलं नसतं. सुनेनं खिडकीजवळ नेऊन उजेडात धरलं. कडं नाही, छाया नाही.

काका दाराशी येऊन उभे होते. "मग? लिंबूच कामी आलं ना?"

"तुमचं लिंबू चुलीत घाला," मावशी म्हणाली, पण आवाज मऊ होता.

आता घेर. मावशीनं सुई उचलली आणि तिच्या लक्षात आलं की हात थरथरतोय. तापाचा थकवा, धावपळ, सगळं बोटांत उतरलं होतं. एक टाका घातला, वाकडा पडला. उसवला. पुन्हा घातला, पुन्हा तेच. तिनं पोशाखाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, मग सुनेच्या हातांकडे. स्थिर, बारीक बोटांचे हात. काजं करावीत तर यांनीच.

"बस इथं," ती म्हणाली.

"पण आई, तुमचा शब्द. दुसऱ्या कुणाचा एक टाका..."

"दुसऱ्या कुणाचा नाहीच आहे. बस."

सून बसली. दोऱ्याचं टोक सुईत घालायला गेली तर ते पिंजलं. तिनं इकडेतिकडे पाहिलं. दुकानातला नियम असा की लग्नाच्या कपड्याचा दोरा मावशीच ओवणार, मावशीच्याच ओठांनी ओला करून.

"माझ्याकडे काय बघतेस?" मावशी म्हणाली. "तोंडानं ओला कर. चांगली ओली जीभ दिलीये देवानं, नुसती चघळायला नाही."

सुनेनं टोक ओठांत धरलं, ओलं केलं, बोटांनी टोकदार केलं. दोरा पहिल्याच झटक्यात पार गेला. ती टाके घालू लागली. मावशी तिच्या शेजारी स्टूल ओढून बसली, डबीतला कागद उलगडला, गोळा पुन्हा तोंडात टाकला, आणि टाचण्या एकेक करून सुनेच्या हातात देऊ लागली. थोड्या वेळानं सुनेला गुणगुणणं ऐकू आलं. जबड्याच्या तालावर, मधूनच अडखळत:

*सुई माझी पुढं गेली, धागा तिच्या मागं आला...*

"पुढं काय आहे?" सुनेनं विचारलं.

"पुढं एवढंच, की तू मागं बघू नकोस, टाका वाकडा जाईल."

धाकटी आली ती आगाराच्या गणवेशातच, टोपी काखेत, तिकिटांच्या शाईचा वास घेऊन. दारातच थबकली. टेबलावर मोतिया रेशीम ओघळलेलं, सून शेवटची गाठ मारतेय, आणि तिची ताई, गल्लीची शांत टाचणीमावशी, स्टुलावर बसून रवंथ करतेय.

"ताई! तू च्युइंगम खातेस?"

"औषध आहे," मावशी म्हणाली.

"बसमध्ये पकडलेली पोरंही मला हेच सांगतात."

"तुझी बस नाही ही. कपडे बदल. आणि ऐक." मावशीनं गोळा गालात सरकवला. "सगळा माझ्या हातचा म्हटलं होतं. खालचा घेर हिनं घातलाय."

धाकटीनं घेर उचलून पाहिला. एकसारखे, बारीक, दिसूही नयेत असे टाके. मग तिनं सुनेकडे पाहिलं, मग ताईकडे, आणि टोपी पुतळ्याच्या मानेवर ठेवली. "मग तर जास्तच चांगला झाला असणार," ती म्हणाली. "तुझ्या बाहुलीचा झगा पहिल्याच दिवशी खालून उसवला होता, आठवतं?"

काका मागच्या खोलीत एवढ्या जोरात हसले, की इस्त्री तशीच राहून एका शर्टाच्या पाठीवर तिचा ठसा उमटला.

संध्याकाळी कचेरीत चष्मेवाल्यानं सही करताना चष्मा पुसला, मग डोळे पुसले, मग पुन्हा चष्मा. खिडकीतून उजेड आला आणि धाकटीच्या अंगावरचं रेशीम हललं. मावशी मागच्या रांगेत बसून गुडघ्याच्या वरची ती जागा शोधत होती. सापडली नाही.

तोंड पुन्हा कोरडं पडायला लागलं होतं. तिनं समोर बघत, मान न वळवता, शेजारी तळवा पुढं केला.

सुनेचा जबडा थांबला. मग चांदीचा कागद कुरकुरला, आणि एक पट्टी त्या तळव्यावर आली.

"पुदिन्याचं?" मावशीनं कुजबुजत विचारलं.

"तेच."

मावशीनं चावलं, जरा थांबली, पुन्हा चावलं. "काहीतरी गार लागतंय गं," ती म्हणाली. "जिभेच्या अगदी टोकाला."